वाळूची सासू

त्यांच्याकडे वाळूचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको, सासू आणि पाहुणा. चार पोती, प्रत्येकावर लाल ऑइलपेंटने नाव घातलेलं. अंधेरीला मरोळच्या एका गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिच्या दारातच हे कुटुंब भिंतीला टेकून बसलेलं असायचं. पाहुणा सगळ्यांत जड. "पाहुणा कधी रिकाम्या हाती येतो का? बॅगा असतात," असं त्यावर त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की ते आधी विचारायचे, "गाडीत कोण कोण बसतं?" आणि त्याप्रमाणे पोती उचलून सीटवर ठेवायची, वर पट्टे लावायचे, मग गाडी बाहेर काढायची. रिकामी गाडी त्यांनी कधी तपासली नाही. "रिकामी गाडी खोटं बोलते," म्हणायचे. "बघायला आलेल्या स्थळासारखी. सगळं कसं छान छान."

गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, मीही तेच म्हणत आले. अंगाने काटकुळे, साठी उलटलेली, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं, आणि शेडमध्ये कायम अनवाणी. इंजिन चालू असलं की जमिनीतून तळपायाला कळतं म्हणे. खिशात चुन्याची डबी. तंबाखूला शिवत नसत, चुना टायरसाठी. टायरच्या खांद्यावर बोटाने चुन्याची रेघ ओढायची आणि गाडी फिरवून आणायची. रेघ जिथे पुसली तिथे चाक घासतं. गल्लीतले लोक डबी बघून तंबाखू पुढे करायचे. मिस्त्री मुकाट्याने घ्यायचे आणि पुढे गेल्यावर शेजारच्या वेल्डरला द्यायचे. कोणाचं मन मोडायचं नाही, फक्त गिऱ्हाइकाचं मोडायचं.

कारण गिऱ्हाइकांना ते एक प्रश्न विचारायचे. मूळचे कुडाळकडचे. एरवी आपल्यासारखंच मुंबईचं बोलायचे, पण हा एक शब्द त्यांनी गावाहून आणला होता तो शेवटपर्यंत सोडला नाही. गाडी खाली बसवून रुंद चाकं लावलेला कोणीही आला, की त्या चाकांकडे हनुवटी करायची आणि म्हणायचं, "कित्याक?"

म्हणजे का. कशासाठी.

लोक सांगायचे, ग्रिपसाठी. वळणावर पकड राहते. मिस्त्री मान हलवायचे आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचे. माझ्यादेखत एका नवरदेवाने सांगितलं, "मिस्त्री, वरातीत सासरच्यांचे डोळे फुटले पाहिजेत." त्याची गाडी त्यांनी सगळं सोडून हातात घेतली आणि संध्याकाळी दिलीसुद्धा. "ह्याला ठाऊक आहे त्याला काय पाहिजे," एवढंच बोलले. मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. माझी दुसरी खेप होती आणि माझं काम हातात घेतलं नव्हतं.

आता माझं सांगते. हसायचं असेल तर हसा, माझ्या नाती हसतातच.

वय वर्षं त्रेपन्न. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतलेली. नवरा नाशिकला बदलीवर, शनिवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे जाणार. घरी बोरिवलीला मी आणि सासूबाई. त्यांच्या किडन्या गेलेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार मालाडला डायलिसिस. माझ्याकडे एक छोटी लाल गाडी होती, तिच्यातून मी त्यांना न्यायची, चार तास बाहेर बाकड्यावर बसायची आणि परत आणायची. आठवड्यातले तीन दिवस माझ्या केसांना हॉस्पिटलचा वास. उरलेले चार दिवस त्या वासाची आठवण.

आणि ह्या बाईने काय करावं? योगासनं? भजनी मंडळ? नाही. आमच्या सोसायटीत एका घरची गाडी होती, जमिनीला टेकलेली, चाकं ही रुंद. गॅलरीतून बघून बघून माझ्या डोक्यात बसली. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघायला लागले, आणि एक दिवस, सासूबाई आत मशिनवर असताना, गाडी घेऊन गेले एका दुकानात. त्यांनी स्प्रिंगचे दीड दीड वेढे कापून गाडी खाली बसवली आणि मूळच्या टायरपेक्षा दोन बोटं रुंद टायर घातलेली चकचकीत चाकं लावली. साडेतीन तासांत. मी गॉगल लावून ती चालवत परत आले तेव्हा सिग्नलला दोन पोरांनी अंगठा दाखवला. दोन दिवस मी हवेत होते. मूर्ख बाई! केसांना मेंदी, डोळ्यांवर गॉगल, बुडाखाली शर्यतीची गाडी, आणि मागच्या सीटवर सासू, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन.

तिसऱ्या दिवशी घासायला लागली.

मागून, डावीकडून. स्पीडब्रेकर आला की खर्रर्र. तेही नेहमी नाही. एखाद्या दिवशी दर खड्ड्याला ओरडायची, एखाद्या दिवशी अगदी गुणी. त्यानेच जास्त जीव जायचा. मी स्पीडब्रेकरवरून इतकी हळू जायला लागले की मागचे हॉर्नवर कोपर टेकवायचे. रात्री डोळे मिटले की तो आवाज. टायर फुटला तर? हायवेवर, ट्रकांच्या मध्ये, मागे ह्या?

सासूबाईंनी अगदी सुरुवातीलाच विचारलं होतं, "काय गं हे घासतं?"

"तुमच्या बाजूला भार जरा जास्त होतो, आई," मी म्हटलं. "पाणी चढलेलं असतं ना अंगात, जाताना."

कसं सुचलं कोण जाणे. बोलले आणि विसरून गेले. स्वतःचा शौक कबूल करायचा नाही म्हणून एका आजारी बाईच्या अंगातल्या पाण्यावर ढकलून मोकळी. त्या "बरं" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मग कोणीतरी मिस्त्रींचा पत्ता दिला. त्यांच्याकडे जायचं म्हणून मी गाडी स्वच्छ धुतली. आतून फडकं मारलं. टायरना काळं पॉलिश लावलं, चांगले दोन हात. आपण डॉक्टरकडे जाताना नाही का धुतलेली साडी नेसून जात? तसंच.

मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मागच्या टायरवर बोट फिरवलं, बोट काळं झालं. डोळे मिटले.

"बाई," ते म्हणाले, "खून झालेल्या खोलीतली लादी पुसून पोलिसाला बोलावलंत."

"म्हणजे?"

"म्हणजे घासल्याच्या खुणा होत्या त्या धुतल्यात. वर रंगरंगोटी केलीत. आता मी बघू काय? आरसा?" मग चाकांकडे हनुवटी. "कित्याक?"

"ग्रिपसाठी," मी म्हटलं.

"जाता कुठे?"

"मालाडला. डायलिसिसला."

"मालाडला ग्रिप!" शेजारच्या वेल्डरकडे बघत म्हणाले. तो मेला हसला. "कोण बसतं?"

"सासूबाई. मागे, डाव्या बाजूला."

"किती?"

"काय किती?"

"किलो."

"असं बाईमाणसाचं वजन चारचौघांत..."

"तुमचं विचारलं का मी?"

बासष्ट, मी सांगितलं. त्यांनी वाळूची सासू उचलली, ओंजळभर वाळू काढून कमी केली, मागच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, टायरला चुना फासला आणि गल्लीतून दोन चकरा मारून आणल्या. चुना जसाच्या तसा. वाळूची सासू गप्प.

त्या खेपेला मला तसंच परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच: कित्याक, आणि मी म्हटलं, स्टॅबिलिटी. इंग्रजीत सांगितलं की पटेल असं वाटलं. पुन्हा वाळू, पुन्हा चुना, पुन्हा काही नाही. तिथून दहा पावलांवर दुसरा एक जण स्प्रिंगमध्ये रबराचे तुकडे कोंबून अर्ध्या तासात मोकळं करून द्यायला तयार होता. मी त्याच्याकडे बघतेय हे मिस्त्रींनी बघितलं.

"जा ना," ते म्हणाले. "आवाज जाईल. का घासतं ते राहील."

मला रडू यायला लागलं होतं. त्यांना ते दिसलं असावं, पण रडण्यावर त्यांचा विश्वास चुन्यापेक्षा कमी. "वाळू दाराला टेकून बसत नाही," स्वतःशीच पुटपुटले, आणि मग मोठ्याने, "खरी सासू कधी मिळेल?"

"गुरुवारी. साडेदहाला निघतो आम्ही."

गुरुवारी दहाला ते आमच्या इमारतीखाली हजर. हातात लोखंडी पेटी, टॉर्च, चुन्याची डबी. मागच्या सीटचा उजवा भाग पुढे पाडला, डिकीतून आत सरकले आणि आडवे होऊन कान डाव्या चाकावरच्या पत्र्याला लावला. पायांत चपला नाहीत, तळवे काचेला टेकलेले. सासूबाई काठी टेकत आल्या, आत बसल्या, मान वळवून बघितलं, आणि मला म्हणाल्या, "ह्यांचं पण डायलिसिस आहे का गं?"

"मी गाडीचा मिस्त्री, आजी," डिकीतून आवाज आला. "तुम्ही रोजच्यासारख्या बसा. मी नाही असं समजा."

"कसं समजू? पाय दिसतायत."

सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर आला. काही नाही. वळणावरचा आला. काही नाही. मला घाम फुटला. आज पण नाही घासली तर हा माणूस मला उभी करणार नाही. रस्त्याला लागलो, तिसरा स्पीडब्रेकर, तोही गुपचूप गेला.

"आजी," मिस्त्री म्हणाले, "काय करता?"

"मी? काय करते?"

"वरची कडी धरून उचलता कित्याक? खड्डा आला की तुमचा भार जातोय कुठे?"

मी आरशात बघितलं. सासूबाईंचा डावा हात खिडकीवरच्या कडीत होता. डावा. फिस्टुलाचा. ज्या हाताच्या शिरेत सुया टोचतात, ज्या हातात भाजीची पिशवीसुद्धा घ्यायची नाही म्हणून मी घरात सगळ्यांना ताकीद दिलेली, त्या हाताने त्या स्वतःला सीटवरून उचलून धरत होत्या.

"मी बसले की घासतं ना," त्या म्हणाल्या, अगदी साधेपणाने. "ही म्हणाली. माझ्या भाराने. म्हणून जरा उचलून धरते. डोळा लागला की मग राहून जातं."

माझे कान इतके तापले की गॉगलच्या काड्या चटका देत असाव्यात. रोजचे पंधरावीस स्पीडब्रेकर. आठवड्याला तीन दिवस. किती आठवडे, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

"हात खाली घ्या, आजी," मिस्त्री हळू म्हणाले. "अंग सोडा. पूर्ण."

"घासेल हो."

"घासू दे. मी त्यासाठीच झोपलोय."

पुढचा स्पीडब्रेकर हायवेला लागायच्या अलीकडचा, उंच. सासूबाईंनी हात मांडीवर घेतला. गाडी चढली, उतरली, आणि असा आवाज झाला की पत्राच फाटला वाटलं. मागून रबर जळल्याचा वास. मिस्त्री डिकीच्या दारावर दोन्ही तळव्यांनी लाथा मारत ओरडले, "थांब! थांब गो!" बाई नाही, अहो नाही. मी कडेला घेतली.

ते वाकून टायरजवळ बसले, माझ्या त्या सुंदर पॉलिशवर रॉकेलचं फडकं घासलं, आणि मला बोलावलं. मडगार्डच्या आत वळलेल्या पत्र्याची कड टायरच्या बगलेत बसत होती. बोटभर लांबीचा काप. फडकं फिरलं तसे आतले पांढरे धागे दिसले. दोन खेपांना त्यांचं बोट त्यावरून गेलं होतं, आणि मीच काळं लावून तो काप बुजवला होता.

"हायवेला लागला असतात तर..." ते म्हणाले आणि वाक्य तसंच सोडलं. मिस्त्रींनी वाक्य अर्धं सोडलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

अकराला पंधरा मिनिटं कमी. साडेअकराची पाळी. ती चुकली तर पुढची कधी, कोणी सांगू शकत नव्हतं. आणि बुधवारपासूनच सासूबाईंचे पाय सुजले होते. मी रिक्षांना हात करायला लागले. मालाड म्हटलं की मान हलायची. तिघांनी हलवली. चौथा थांबलाच नाही. सासूबाईंना एका इस्त्रीवाल्याच्या स्टुलावर बसवलं होतं. त्या दम लागल्यासारख्या तोंडाने श्वास घेत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

डिकीत जुनं अरुंद चाक होतं. तेच लावायचं ठरलं. पण माझी गाडी इतकी खाली बसवलेली, की तिच्याखाली तिचाच जॅक जाईना! मिस्त्री जॅककडे बघतायत, गाडीकडे बघतायत. मग फुटपाथच्या कामाचे दोन पेव्हर ब्लॉक ओढून आणले, मला म्हणाले, "चढवा ह्याच्यावर. सावकाश." मी चढवली. मग जॅक आत गेला.

नट सोडता सोडता त्यांनी मान वर न करता विचारलं, "कित्याक?"

ह्या वेळी माझ्याकडे खोटं उरलं नव्हतं. "दिसायला," मी म्हटलं. "चांगली दिसते म्हणून. सगळं हॉस्पिटल हॉस्पिटल झालं होतं, मिस्त्री. मला एक तरी गोष्ट अशी पाहिजे होती की जिच्याकडे बघून लोकांनी 'अरे बापरे' म्हणावं." आणि मग स्टुलाकडे वळून, "आई, तुमच्या भाराचं खोटं होतं. मी केलेलं सगळं हे."

सासूबाईंनी पदराने गळ्याचा घाम पुसला. "चाकं बदललीस ते मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "आंधळी नाही झाले. वॉर्डबॉय म्हणतो, आजी, काय भारी गाडीतून येता! मला पण बरं वाटायचं." पदर खांद्यावर घेतला. "भाराचं मात्र खरं वाटलं होतं गं."

मिस्त्रींनी शेवटचा नट आवळला. "दिसायला," ते म्हणाले. "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? ग्रिप पाहिजे म्हणालात तर टायर तसाच ठेवावा लागतो, मग पत्रा कापा, स्प्रिंग कडक करा, आजींची हाडं खिळखिळी करा. मी ते करायला तयार नव्हतो. दिसायलाच पाहिजे ना? मग चाक राहू दे. टायर एक माप बारीक घालू, स्प्रिंग बदलून दोन बोटं वर घेऊ, कड आत दुमडू. कोणाला कळणारसुद्धा नाही."

मला तेव्हा समजलं, की हा माणूस विक्षिप्त नव्हता. म्हणजे होता, पण त्याचा प्रश्न विक्षिप्त नव्हता. उत्तरावर त्याचं पान्याचं माप ठरायचं.

चाळीसच्या पुढे काटा न नेता आम्ही अकरा पस्तीसला पोचलो. आत घेतलं. मिस्त्री गाडी घेऊन मरोळला गेले, मी नेहमीच्या बाकड्यावर. सुई लावणारी मुलगी सासूबाईंचा हात दाबून बघत म्हणाली, "आजी, इथे दुखरं झालंय. काही उचललंत का जड?"

दार उघडं होतं. सासूबाईंनी दारातून माझ्याकडे एकदा बघितलं.

"लोणच्याच्या बरणीचं झाकण," त्या म्हणाल्या. "घट्ट बसलं होतं."

"लोणचं? तुम्हाला चालत नाही लोणचं!"

"म्हणून तर उघडलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

ते चार तास मी कसे काढले ते सांगत नाही. मुलगी हातावर बर्फ ठेवत होती, मशिन चालू होतं, शीर नीट चालली होती. तेवढं मी पाच वेळा जाऊन विचारून आले. सहाव्यांदा गेले तेव्हा तिने पडदाच ओढला.

साडेचारला मिस्त्री गाडी घेऊन आले. जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगा त्यांच्या शेडमध्ये आढ्याला टांगलेल्याच असत, त्यातली एक जोडी मापाची निघाली होती. मडगार्डच्या आतली कड गरम हवेने तापवून इतकी बेमालूम दुमडली होती की रंगाला तडा नाही. चाकं तशीच चकचकीत, टायर मात्र एक माप बारीक. चुन्याच्या ताज्या रेघा. नेहमी परतताना सासूबाई पुढे बसत, सीट मागे पाडून, कारण अंगात त्राण नसायचं. त्या दिवशी काठीने मागचं दार दाखवलं.

"आई, पुढे बसा, आडव्या व्हा."

"मागेच बसते."

मिस्त्री डिकीत शिरले आणि पत्र्याला कान लावला.

मी हायवेने आणली. कुठे आवाज नाही. पण हायवेवर स्पीडब्रेकर नसतात, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बोरिवलीला उतरलो, बाजारातून वळलो, सकाळचा तो उंच स्पीडब्रेकर उलट्या बाजूने समोर आला. सवयीने माझा पाय ब्रेकवर गेला.

"हळू नको," डिकीतून मिस्त्री म्हणाले. "रिक्षावाला घेतो तशी घ्या."

मी आरशात बघितलं. सासूबाईंचा डावा हात, कोपरात पट्टी बांधलेला, मांडीवरून उठला. कडीच्या दिशेने अर्ध्यापर्यंत गेला. तिथे थांबला. मी पाय सोडला. हात खाली आला, मांडीवर उताणा पडला, आणि सासूबाई मागे टेकल्या, डोळे मिटून, सगळ्या अंगाने जड होऊन, बासष्टच्या बासष्ट किलो.